तिसऱ्या खुंटीचा आकडा

१

आल्देसिलच्या पंपघरात सकाळची कॉफी दहाला असते. दहाला म्हणजे दहाला. रिक्स्ट हुकेमा तिथे कामाला आली त्या पहिल्याच दिवशी तिने साडेनऊला विचारलं, "जरा कॉफी मिळेल का?" तेव्हा पंपघर सांभाळणाऱ्या विब्रेनने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने बांधाला भोक पाडायची परवानगी मागितली होती.

"मिळेल की," तो म्हणाला. "दहाला."

विब्रेनची साठी उलटली होती. पंपघरात लाकडी बूट घालून खडखडत फिरायचा आणि कॉफीच्या खोलीत शिरताना ते दाराशी काढून ठेवायचा. दहाच्या ठोक्याला तो तीन कप मांडायचा, तिन्ही भरायचा, आणि मग साखरपावाच्या दोन फोडी कापायचा. कप तीन आणि फोडी दोन. तिसरा कप एखाद्या ट्रकवाल्यासाठी असेल असं रिक्स्टला वाटलं. तीन दिवस ट्रकवाला काही आला नाही. सव्वादहाला विब्रेन तो गार झालेला कप मोरीत ओतून द्यायचा आणि विसळून पालथा घालायचा.

"आता दोघंच आहोत आपण, विब्रेन," ती एकदा म्हणाली.

"हाताला सवय आहे गं, पोरी. कळत नाही त्याला."

खोलीच्या भिंतीवर एक जुनी फळी होती. तिच्यात आठ भोकं आणि भोकांत पितळी खुंट्या. पावसाचं पाणी बांधापलीकडे उपसणाऱ्या या पंपघरात पूर्वी आठ माणसं होती, आणि प्रत्येकाची एक खुंटी. पंप क्रमांक तीनच्या विहिरीत कचरा अडवणारी जाळी साफ करायला जो शिडीने उतरेल त्याने आपली खुंटी उपटून खिशात टाकायची आणि वर आला की परत लावायची. फळीच्या तारा नियंत्रण यंत्रातल्या एका कार्डाला जोडलेल्या होत्या. एक जरी खुंटी जागेवर नसली, तरी यंत्र तिसरा पंप सुरू होऊ द्यायचं नाही. माणूस खाली असताना पंप लागला तर काय होईल हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे. आता जाळी क्रेनने निघते, खाली कुणीच उतरत नाही, तारा कधीच्या कापलेल्या आहेत. फळी नुसती शोभेला उरली होती. पहिलं, दुसरं भोक भरलेलं, तिसरं रिकामं, पुढची पाच भरलेली.

"तिसरी कुठे गेली?"

"हरवली," विब्रेन म्हणाला आणि त्याने साखरपावाची बशी तिच्याकडे सरकवली.

२

रिक्स्टचं काम सोंग वठवण्याचं होतं. पंपघराचं नियंत्रण यंत्र चाळीस वर्षांचं म्हातारं झालं होतं आणि त्याचे सुटे भाग आता मिळत नव्हते. प्रोग्रॅम मात्र ठणठणीत होता. तेव्हा पाणीमंडळाने ठरवलं की प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, फक्त एका नव्या छोट्या डब्यात एम्युलेटर बसवायचा. एम्युलेटर म्हणजे नव्या यंत्राने घेतलेलं जुन्या यंत्राचं सोंग. ते इतकं हुबेहूब हवं की घर बदलल्याची प्रोग्रॅमला कुणकुणही लागू नये. असली सोंगं लिहिण्यात रिक्स्टचा हात धरणारं फ्रीसलंडमध्ये दुसरं कुणी नव्हतं, आणि हे तिला ठाऊकही होतं.

प्रोग्रॅमच्या लेखी सगळं जग म्हणजे एक लांबलचक आळी. प्रत्येक घराला नंबर. या नंबरावर पाण्याची पातळी राहते, त्या नंबरावर पहिला पंप, पलीकडे घड्याळ. प्रोग्रॅम दारावर थाप मारतो, आतून एक आकडा येतो. पण आळीत मोकळे प्लॉटही असतात. तिथे कधीकाळी एखादं कार्ड होतं, मग ते काढलं, आणि प्रोग्रॅमला कुणी कळवलं नाही. तो बिचारा अजून तिथे थाप मारत राहतो. अशा रिकाम्या पत्त्यावरून काय उत्तर यावं हे सोंग लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. बहुतेक जण दोनशे पंचावन्न नाहीतर शून्य लिहितात आणि पुढे जातात. रिक्स्टही पुढे जाणाऱ्यांपैकीच होती.

तिने सवयीने दोनशे पंचावन्न लिहिलं. पहिला पंप मान्य, दुसरा मान्य. तिसऱ्यापाशी प्रोग्रॅम अडला: पंप तीन, उपलब्ध नाही. तिने आत शिरून पाहिलं, तेव्हा तो खुंट्यांच्या कार्डाच्या पत्त्यावर थाप मारत होता. पहिल्या खुंटीचा आकडा एक, दुसरीचा दोन, तिसरीचा चार, पुढे दुपटीने. आठही उपटल्या की बेरीज दोनशे पंचावन्न.

"तुमची आठच्या आठ माणसं खाली आहेत म्हणतंय," तिने दहाच्या कॉफीला हसत सांगितलं. "म्हणून तिसरा पंप लावत नाही."

विब्रेन हसला नाही. एरवी तो फालतू विनोदालाही खो खो हसणारा माणूस. त्याने कपातली साखर बराच वेळ ढवळली.

"मग तू काय करणार?"

"शून्य लिहिणार. म्हणजे खाली कुणी नाही. सगळे तेच लिहितात."

"सगळे तेच लिहितात," विब्रेन म्हणाला, आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

३

शून्य लिहिल्यावर डब्यातला तिसरा पंप मोकळा झाला. मुख्य कार्यालयातल्या अभियंत्या हिल्क्येला तर हेच हवं होतं. गेल्या दोन वर्षांत पाऊस असा पडत होता की दोन पंपांनी भागत नव्हतं. जुनं यंत्र तिसऱ्याला 'उपलब्ध नाही' म्हणायला लागलं तेव्हापासून सगळ्यांनी मोटरला दोष दिला. दोनदा मोटर उघडली, दोन्हीदा ती धडधाकट निघाली, आणि मग लोकांनी तिचं नाव आळशी ठेवून विषय सोडून दिला.

पण रिक्स्टचा एक नेम होता. काम संपवण्याआधी खऱ्या यंत्राला विचारायचं. जुन्या यंत्राच्या तारांना तिने चिमटे लावले, आणि रिकाम्या पत्त्यावरून खरोखर काय येतं ते एका छोट्या पडद्यावर आणलं.

पडद्यावर चार आला.

तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मोकळ्या तारांवर आधीचा आकडा क्षणभर रेंगाळतो. माणूस उठून गेला तरी खुर्ची जरा वेळ कोमट असते, तसं. तिने आधीचा आकडा तपासला. तो एकशे त्र्याहत्तर होता. रेंगाळलाच असता तर तो रेंगाळला असता. तिने चिमटे बदलले. कार्डाच्या खाचेत विजेरी मारली. खाच रिकामी होती, धूळ होती, एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. तिने खाच पुसून काढली. चार. यंत्र बंद करून पुन्हा लावलं. चार.

कुठेतरी तार जमिनीला टेकत असेल, ती स्वतःशी म्हणाली. तिसऱ्या तारेचाच आकडा चार, बरोबर तिसऱ्याच, यात काय एवढं. आठांतली कुठलीतरी एक टेकणारच. हे तिला पटलं. पटल्यावरही ती पुन्हा एकदा कॉफीच्या खोलीत जाऊन फळी पाहून आली, आणि आपण तसं केलं याचा तिला राग आला.

मग तिने आपल्या लॅपटॉपला पाळतीवर बसवलं. दर सेकंदाला पत्ता विचारायचा आणि उत्तर लिहून ठेवायचं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शुक्रवारी दुपारी तिने ती यादी उघडली. चार, चार, चार, पानंच्या पानं चार. आणि तीनही दिवशी सकाळी दहाला, सेकंदाच्या काट्यावर, शून्य. पंधरा मिनिटं शून्य. सव्वादहाला पुन्हा चार.

खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर चालू होती. रिक्स्टने यादी मिटली आणि पुन्हा उघडली.

४

विब्रेन पंपांच्या दालनात तेलाची बुधली घेऊन उभा होता. तिने त्याला सरळच विचारलं.

"तिसरी खुंटी कुणाची होती?"

त्याने बुधली खाली ठेवली. चिंधीने एकेक बोट पुसलं.

"यिल्डर्टची."

"आणि तुमची?"

"पाचवी. आहे जागेवर." चिंधी चुरगाळत तो म्हणाला, "सत्त्याऐंशीचा सप्टेंबर. असाच पाऊस होता. पाणी चढत होतं, आणि यंत्र तिसरा पंप लावेना. म्हणे एक माणूस खाली आहे. मला वाटलं फळी ओली झाली असेल, व्हायची ती. चोवीस वर्षांचा होतो मी, पोरी. मुख्य कार्यालयातून फोनवर फोन. मी ते कार्ड खाचेतून ओढून काढलं."

"चालू यंत्रातून?"

"चालू यंत्रातून. पंप लागला. अर्धा तास चालला आणि आपोआप बंद पडला. तो आजतागायत."

"आणि यिल्डर्ट?"

"पाणबुडे उतरवले. विहिरीत काही नाही, जाळीत काही नाही, पलीकडच्या कालव्यातही नाही. लोक म्हणाले, जर्मनीत एक बाई होती त्याची, तिकडे गेला असेल." विब्रेनने दाराबाहेरच्या सायकलींच्या रॅककडे मान हलवली. "सायकल इथेच होती."

रिक्स्टने त्याला यादीबद्दल सांगितलं. चार, आणि दहाला शून्य. सांगताना तिचा आवाज आपोआप खाली आला. आपण शिकलेली बाई, आपण काय बोलतोय, असं तिला वाटत होतं, पण विब्रेनच्या चेहऱ्याकडे पाहून तिला थांबवेना. तो रडत नव्हता. सदतीस वर्षं पाठीवर वाहिलेलं पोतं कुणीतरी एका बाजूने उचलून धरावं, तसा तो जरा ताठ झाला.

"कॉफीला येतो," तो म्हणाला.

"तुम्ही कधी काही पाहिलंत?"

"काही नाही. कप भरतो, गार होतो, ओततो."

"विब्रेन, ती एक टेकलेली तारसुद्धा असू शकेल."

"असेल. तू शिकलेली आहेस. पण सोमवारी चाचणीला ती हिल्क्ये तिकडून बटण दाबणार आणि तुझ्या डब्यात शून्य आहे. जुनं यंत्र नाही म्हणत आलं इतकी वर्षं. तुझं नवं नाही म्हणणार नाही." त्याने तिचा दंड धरला. तेलाचे डाग उमटले. "दुसऱ्यांदा नको, पोरी. एकदा केलंय मी."

चाचणी पुढे ढकलणं कुणाच्या हातात नव्हतं, सोमवारी रात्रीपासून मोठा पाऊस सांगितला होता. तोडगा विब्रेननेच काढला. तिसरा पंप दहा वाजून पाच मिनिटांनी लावायचा आणि दहा बाराला बंद करायचा. "तो वर असेल तेव्हा. इथे, माझ्यासमोर." नंतरचं नंतर पाहता येईल. रिक्स्टने हिल्क्येला फोन करून वेळ ठरवून घेतली.

"दहा पाचच का गं?" हिल्क्येने विचारलं.

"विब्रेनची कॉफी."

"अरे देवा, ती कॉफी," हिल्क्ये म्हणाली आणि हसली.

५

शनिवार-रविवार रिक्स्टने घरी काढला. रविवारी पहाटे देशभरची घड्याळं हिवाळ्याच्या वेळेवर आली, म्हणून सकाळी तासभर जास्त झोप मिळाली, ती तिने उपभोगली. उठल्यावर ओव्हनवरचं घड्याळ एक तास मागे केलं, भिंतीवरचंही केलं. पंपघरातल्या नव्या डब्याचं घड्याळ तिने न सांगताच मागे गेल्याचा निरोप फोनवर आला होता. ती सुधारणा तिचीच. जुन्या यंत्राला हिवाळ्याची वेळ ठाऊकच नव्हती, वर्षभर ते उन्हाळ्याच्याच घड्याळावर चालायचं, आणि तिने ते टिपणात 'दोष' म्हणून लिहून डब्यात दुरुस्त केलं होतं.

सोमवारी धुकं होतं. बांध दिसत नव्हता, मेंढ्यांचे आवाज तेवढे येत होते. विब्रेनने स्वच्छ सदरा घातला होता आणि दाढी केली होती. दहाला त्याने तीन कप भरले आणि आज फोडीही तीन कापल्या. तो रिकाम्या खुर्चीसमोर बसला आणि म्हणाला, "जा तू. मी आहे त्याच्यापाशी."

यंत्राच्या खोलीत दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी होती. नवा डबा पंप चालवणार होता आणि जुनं यंत्र नुसतं ऐकत बसणार होतं. रिक्स्टने डब्याचा पडदा पाहिला: दहा चार, रिकामा पत्ता शून्य. ते शून्य तिचंच होतं, तिनेच लिहिलेलं, ते बदलणार नव्हतं. फोनवर हिल्क्ये म्हणाली, "लावते हं."

दालनात तिसरा पंप कण्हला. सदतीस वर्षांनी उठल्यासारखा आधी कण्हला, मग घुमायला लागला, आणि जमीन बारीक थरथरू लागली. "छान," हिल्क्ये म्हणाली. रिक्स्टलाही बरं वाटलं. तिने सहज मान वळवली.

जुन्या यंत्राच्या पडद्यावर चार होता.

अडकला असेल, तिला पहिल्यांदा वाटलं. मग तिची नजर त्याच्या शेजारच्या घड्याळाकडे गेली. अकरा वाजून पाच मिनिटं.

ते घड्याळ कुणी मागे केलं नव्हतं. कुणी कधीच करत नसे. जो त्या घड्याळावर कॉफीला येत होता तो एका तासापूर्वी येऊन गेला होता, आणि त्याच घड्याळाच्या सव्वादहाला खाली उतरला होता.

तिने लाल बटणावर हाताची मूठ मारली. मोटरची वीज तुटली, पण एवढं मोठं चाक एकदम थांबत नाही. ते फिरत राहिलं. आवाज हळूहळू उतरत होता, आणि त्या उतरत्या आवाजात खालून, लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. टण. टण. टण. घाईघाईने, ठरावीक अंतराने. रिक्स्ट पडद्याकडे पाहत होती. चार. चार. चार. मग टणटण थांबली आणि चारचं शून्य झालं.

६

फोनवर हिल्क्ये विचारत होती, "का बंद केलास? सगळं उत्तम होतं."

रिक्स्टने फोन टेबलावर ठेवला आणि दालनात गेली. तिसऱ्या विहिरीवर लोखंडी जाळीचं झाकण होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने विजेरी आत मारली. पाणी पंपाने ओढलं होतं, ते एरवीपेक्षाही खाली, काळं, सावकाश गोल फिरत होतं. पाण्याच्या एरवीच्या पातळीच्या वर शिडीला चौदा दांडे होते. इतकी वर्षं कुणाचा पाय न लागलेले, गंजून तांबूस. कोरडे असायला हवे होते.

ते कोरडे नव्हते. खालपासून एकेक दांडा ओला होता, अगदी मधोमध, पायाच्या रुंदीइतका. ती विजेरी वर वर आणत गेली. नववा ओला. अकरावा ओला. तेराव्यावर चार बोटांची ओली खूण होती, धरल्यासारखी, आणि तिच्यातून अजून थेंब पडत होता. चौदावा दांडा, झाकणाच्या लगेच खालचा, कोरडा होता.

ती किती वेळ तशी बसली तिला कळलं नाही. तिला विजेरी बंद करायचं धैर्य होत नव्हतं आणि चालू ठेवायचंही. शेवटी लाकडी बुटांची खडखड ऐकून ती उठली आणि झाकणाकडे पाठ करून उभी राहिली.

"लवकर थांबला," विब्रेन म्हणाला.

"मी थांबवला. बेअरिंग तापत होतं."

"किती आहे?" त्याने विचारलं. कुठला आकडा, हे दोघांनाही सांगायला लागलं नाही.

"शून्य," रिक्स्ट म्हणाली. ते खोटं नव्हतं.

विब्रेनने डोळे मिटले आणि श्वास सोडला. "म्हणजे वर आहे," तो म्हणाला. "चल. कॉफी गार होतेय."

ती त्याच्यामागे गेली. दोघं बसली. विब्रेन खूप बोलला त्या दिवशी. यिल्डर्ट पत्त्यांत कशी लबाडी करायचा, गोठलेल्या कालव्यावर स्केटिंग करताना सगळ्यांच्या पुढे जाऊन कसा तोंड वेंगाडायचा, आणि साखरपावातली साखर आधी कोरून खाऊन उरलेला पाव बदकांना कसा द्यायचा. तिसरा कप टेबलावर काठोकाठ भरलेला होता, आणि तिसरी फोड तशीच होती. रिक्स्ट त्या कपाकडे पाहणार नाही असं ठरवून बसली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले.

"बघून ये," विब्रेन म्हणाला. "गेला का परत."

ती यंत्राच्या खोलीत आली. जुन्या पडद्यावर शून्य होतं. ती एक मिनिट थांबली. कॉफीच्या खोलीतून विब्रेनच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. इतक्या दिवसांत ती तो पहिल्यांदाच ऐकत होती. शून्य. तिने जुन्या तारांचे चिमटे एकेक करून काढले, आणि पडदा काळा झाला. मग तिने नव्या डब्यात आपली ती ओळ उघडली, जिथे रिकाम्या पत्त्यावरून काय उत्तर यावं ते लिहिलेलं असतं. शून्य पुसलं आणि चार लिहिला. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: रोज पंधरा मिनिटं शून्य, उन्हाळ्याच्या घड्याळाने दहाला. मग ती थांबली, 'उन्हाळ्याच्या' खोडलं आणि 'भिंतीवरच्या' लिहिलं, कारण विब्रेन भिंतीवरच्या घड्याळाने कप भरायचा.

डब्याने लगेच वर्दी दिली. पंप तीन, उपलब्ध नाही. टेबलावर ठेवलेल्या फोनमधून हिल्क्ये अजून "हॅलो, हॅलो" करत होती. रिक्स्टने तो बंद केला आणि ती कॉफीच्या खोलीच्या दारापर्यंत आली.

विब्रेन तिसरा कप हातात धरून मोरीपाशी उभा होता, ओतायच्या बेतात. त्याने मान वळवली.

"किती?"

"चार," रिक्स्ट म्हणाली.

त्याने मान डोलावली, कप ओतला, विसळला आणि पालथा घातला.